ड्रमभट्टी

मोटारीच्या निकामी ब्रेकड्रमचा (चाकाच्या ब्रेकमधील वाटीसारख्या भागाचा) आगटीसारखा उपयोग करून घरच्या घरी उभारलेली लहान लोहारभट्टी. ड्रम जाड बिडाचा असल्याने धग सोसतो. मुंबईत तिचे सुटे भाग कुर्ल्याच्या मोटारभंगारात आणि रे रोडजवळच्या दारूखान्यात मिळतात.

‘भट्टी’ हा शब्द संस्कृत ‘भ्राष्ट्र’पासून, ‘भाता’ ‘भस्त्रा’पासून आणि ‘ऐरण’ ‘अधिकरणी’पासून आल्याचे सामान्यतः मानले जाते. ड्रमभट्टीचे कूळ मात्र इतके सरळ नाही. बलुतेदार लोहाराच्या भट्टीशी तिचे नाते जोडण्याकडे कल दिसतो. परंतु त्या भट्टीत कातडी भात्याचा वारा मातीच्या तोटीतून बाजूने निखाऱ्यांत शिरतो, तर ड्रमभट्टीत तो तळातून वर येतो. पूल आणि जहाजे बांधताना रिव्हेट (लोखंडी पत्रे जोडण्याचे खिळे) तापवण्यासाठी बिडाची परात व हाताने फिरवायचा पंखा असलेली फिरती भट्टी वापरत, तिची ठेवण ड्रमभट्टीशी अधिक जुळते. त्यामुळे ड्रमभट्टीचा ढाचा बहुधा तिच्याकडून आणि सांडशी, घण, छिन्नी ही हत्यारे मात्र गावलोहाराकडून आली, असे म्हणणे सयुक्तिक वाटते.

ड्रमच्या मधल्या भोकावर ८ ते १० मिमी छिद्रांची जाड पोलादी चकती बसवतात. तिच्याखाली सुमारे ५० मिमी व्यासाचा नळ आणि टी-जोड असतो. आडव्या फाट्याला पंखा, तर खालच्या तोंडाला राख पाडण्याचे झाकण लावतात. वाऱ्याच्या वाटेत झडप हवीच, कारण वारा अनावर झाला की लोखंडावर पोपडे धरतात. तळाशी साचणारे खंगर (वितळून घट्ट झालेल्या राखेचे गोळे) वेळोवेळी उकरले नाही तर छिद्रे बुजतात. ड्रमच्या आत दिलेले मातीचे अस्तर पूर्ण वाळवल्याखेरीज मोठी आग घालू नये. पावसाळ्यातील दमट हवेत त्याला बरेच दिवस लागतात, आणि ओल राहिलेले अस्तर तडकून उडते.

आगीजवळ जस्ताचा मुलामा दिलेला नळ वर्ज्य मानावा. जस्त ९०७° से. ला उकळते आणि त्याच्या धुराने थंडीताप भरतो. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम फुंकून किंवा झाडून नव्हे, तर ओल्या फडक्याने पुसावा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तेव्हा बंद खोलीत किंवा चाळीच्या गॅलरीत भट्टी पेटवणे सर्वथा अयोग्य.

ताव, म्हणजे लोखंड किती तापले ते, ओळखण्यासाठी रंगाबरोबर तारेला बांधलेले लोहचुंबकही वापरतात; सुमारे ७७०° से. ला लोखंड त्याला दाद देईनासे होते. पोलाद कडक करण्याला ‘पाणी देणे’ म्हणत असले, तरी ट्रकच्या कमानीचा (स्प्रिंगचा) तापवलेला पाटा तेलातच बुडवून विझवणे बरे, पाण्यात त्याला चिरा जाण्याचा धोका असतो.

ऐरणीऐवजी रुळाचा तुकडा चालतो. मीटरला ५२ किग्रॅ वजनाच्या रुळाचा ३० सेंमी तुकडा सुमारे १५.६ किग्रॅ भरतो. तो आडवा ठेवण्यापेक्षा लाकडी ठोकळ्यात उभा रोवल्यास घावाखाली सगळे वजन येते. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा असल्याने असा तुकडा पावतीसह घ्यावा.