आवाज कुठून येतो ते नंतर. आधी किती वेळा येतो ते मोजा

पाऊस उघडून कापूस वेचणीला आला की विदर्भातल्या पांदणींवर जुन्या जीप पुन्हा धावू लागतात, आणि गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: "भाऊ, गिअरबॉक्समधून आवाज येऊन राहिला." मग गिअरबॉक्स उतरतो, बेअरिंग बदलतात, बिल होते; आवाज मात्र तसाच राहतो. जिथे आवाज ऐकू येतो तिथेच बिघाड असतो, या समजाची ही किंमत. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा साधारण १५ पट वेगाने. मागच्या ॲक्सलमधले कंपन चेसिसमधून पुढे येते आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा ढोलकीच्या पुडीसारखा वाजवते. कान म्हणतो गिअरबॉक्स. दोष असतो पार मागे.

जागा फसवते, मोजणी सहसा फसवत नाही. जीपचा ६.००-१६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर पुढे जातो. ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला ५ फेरे घेते. जुन्या सीजे-थ्री-बी जीपमध्ये क्राउनला (मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला) ४३ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाला) ८, म्हणून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा, चाकाच्या ५.३८ पट, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ फेरे फिरतो. या शाफ्टच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, खराब झाला तर कंपन फेऱ्याला दोनदा, म्हणजे ५४. क्राउन-पिनियनचे दात मात्र सेकंदाला सुमारे २१५ वेळा भिडतात. ५ म्हणजे धडधड, २७ किंवा ५४ म्हणजे अंगाला जाणवणारी घुमघुम, आणि २१५ म्हणजे सरळ सूर, सोबत गुणगुणता येईल असा.

आपल्या गाडीचे दात ठाऊक नसतील तर ॲक्सलचे हाउसिंग (कवच) उघडायची गरज नाही. सपाट जागी इतर तिन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल, पुढचा ॲक्सल सुटलेला, हँडब्रेक सोडलेला, मागचे एक चाक जॅकवर. ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असल्याने डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक. शाफ्टचे ५ फेरे पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त भरले, तर जोडी ५.३८ ची. हँडब्रेक सोडावाच लागतो, कारण या जीपांत तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, शाफ्टवरच असतो. म्हणजे मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. दगड लावल्याशिवाय गाडीखाली शिरूच नका.

आता सपाट, रिकाम्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० ला क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा. आवाज इंजिनाबरोबर उतरला तर शोध इंजिन, क्लच, गिअरबॉक्सकडे. गाडीच्या वेगाबरोबरच राहिला तर ट्रान्सफर केसपासून मागे पाहा. सूर फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो किंवा फक्त सोडल्यावर येतो, तर संशय क्राउन-पिनियनवर: ओढताना दातांची एक बाजू काम करते, सोडल्यावर दुसरी. दाबताना आणि सोडताना सारखीच घरघर असून वळणावर कमीजास्त होत असेल तर चाकाचे बेअरिंग तपासा. सरळ जाताना शांत आणि वळणावरच कटकट असेल, तर डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरांकडे पाहा. ते सरळ रस्त्यावर आपापल्या पिनेवर जवळपास फिरतच नाहीत.

या सगळ्यात सर्वात सुंदर यंत्र म्हणजे मिस्त्री ज्याला क्रॉस म्हणतात तो युनिव्हर्सल जॉइंट. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला आणि त्याचे नाव या सांध्याला चिकटले. गिअरबॉक्स वर, ॲक्सल खाली, म्हणून शाफ्ट तिरपा. थाळी तिरपी धरली की तिचा गोल काठ लांबट दिसतो. तसेच पुढच्या काट्याचे (क्रॉसला धरणाऱ्या दुहेरी पंजाचे) वर्तुळ तिरप्या शाफ्टच्या बाजूने पाहिले तर लंबवर्तुळ होते. वर्तुळात एकसारखा फिरणारा बिंदू या लंबवर्तुळावर कोनाच्या हिशेबाने कुठे झपाट्याने सरकतो, कुठे रेंगाळतो. परिणाम असा की पुढचा काटा एकसमान फिरत असूनही पलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. वेगांचे गुणोत्तर कोनाच्या कोसाइनपासून त्याच्या व्यस्तापर्यंत हलते: १० अंशांना दीड टक्का इकडेतिकडे, २० अंशांना सुमारे ६ टक्के, ३० अंशांना १३ ते १५ टक्के. लांब शॅकल (स्प्रिंगपाटा चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी उंच केली की घुमघुम का सुरू होते, ते यात आले.

दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चढउतार उलटी करून खोडतो. अट अशी की शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच प्रतलात हवेत आणि दोन्ही कोन सारखे हवेत. ग्रीसिंगसाठी शाफ्ट सोडून स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकवणारा खाचांचा जोड) एखादा दात चुकवून बसवला, तर खोडण्याचे काम अपुरे राहते आणि नवाकोरा क्रॉस असूनही गाडी घुमते. म्हणून सोडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ मारावी.

क्रॉसच्या चार टोप्यांत सुईसारखे बारीक रोलर असतात. ते पूर्ण फिरत नाहीत, जागच्या जागी झुलतात, म्हणून ग्रीस आटले की त्याच ठिकाणी खाचा पडतात. चिमणीसारखी चिवचिव ही पहिली खूण, टोपीभोवती तांबूस भुकटी दुसरी, आणि रिव्हर्स घेताना "ठक्" तिसरी. काटा एका हाताने, शाफ्ट दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा, मग वरखाली हलवा. सांध्यात खेळ जाणवला की क्रॉस बदला. स्प्लाइनमधला किंचित खेळ चालतो. ग्रीस चारही टोप्यांतून ताजे बाहेर येईपर्यंत भरा. एखादीतून आलेच नाही तर तीच कोरडी मरणार.

काही आवाज बिघाडाचे नसतातच. रिमच्या आत वाळलेला अर्धा किलो काळ्या मातीचा गोळा ताशी ४० ला सुमारे १० किलोच्या जोराने चाकाला ओढतो, सेकंदाला ५ वेळा, आणि ताशी ८० ला चौपट जोराने. आधी रिम धुवा. डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळताना होणारी कडकड म्हणजे पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळे अंतर कापत असल्याचा ताण. टू-व्हील घेऊन थोडे सरळ मागे जा.

गिअर ऑइलमध्ये ओतायच्या "आवाज बंद" बाटल्यांवर पैसे घालवू नका. दात झिजले असतील तर जाड तेल सूर दाबते, झीज भरून काढत नाही. बंपरला लिंबू-मिरची बांधल्याने क्रॉसला ग्रीस मिळत नाही. आवाज ऐकून दोष सांगणारी मोबाइल ॲप आवाजाची वारंवारता दाखवतील तेवढी कामाची. तुमच्या पिनियनला दात किती, ते फोनला माहीत नसते.

शेवटी नाला. तापलेले ॲक्सल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते. ब्रीदर (ॲक्सलला श्वास घेऊ देणारे छोटे भोक) काळ्या मातीने बुजलेला असेल तर ती पोकळी ऑइल सीलमधून पाणी ओढते. नाला ओलांडून आल्यावर गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी, चालू करण्याआधी, खालचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. पाणी जड, म्हणून तेच आधी टपकते. तेल दुधाळ दिसले तर सगळे काढून फेकायचे, ब्रीदर काढून फुंकायचा, आणि भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत नवे ईपी ९० गिअर तेल भरायचे.