थेट फोन-इन आणि थेटसारखा दिसणारा खेळ: फरक कुठे होता?

टेबलामागे रंगीत पडदा, त्यावर थर्माकोलची अक्षरं, एक निवेदिका आणि खाली फोन नंबरची पट्टी. गोव्यात लोकल केबलवर असा बक्षिसांचा खेळ लागला की घरोघरी तो ‘लाइव्ह’च समजला जायचा. पण त्यात दोन जाती होत्या. एक खरा थेट फोन-इन, ज्यात प्रेक्षक त्याच क्षणी फोन करून उत्तर देत. दुसरा आधी कॅसेटवर घेऊन मग लावलेला, ज्याची उत्तरं प्रेक्षक नंतर टपालाने पाठवत. दिसायला जुळे भाऊ, पण उत्तर केव्हा तपासलं जातं यावर दोघांची सगळी मांडणी बदलते.

थेट खेळाचा जीव फोनच्या तारेत. लँडलाइनवर जाणारा आणि येणारा आवाज त्याच दोन तारांतून वाहतो. तो वेगळा करायला टेलिफोन हायब्रिड ही पेटी लागते. मिक्सरवरून, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावरून, तिच्याकडे निवेदिकेचा माइक, संगीत, सगळं पाठवायचं आणि फक्त फोनवरून आलेला आवाज वगळायचा. याला मिक्स-मायनस म्हणतात. तो वगळला नाही तर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो आणि पातळी थोडी चढवली की शिट्टी सुरू होते. हायब्रिड परवडत नसेल तर स्पीकरफोनसमोर माइक ठेवायचा, हा स्वस्तातला उपाय. पण साधा स्पीकरफोन एका वेळी एकाच बाजूला बोलू देतो. निवेदिका ‘हॅलो, कोण बोलतंय?’ विचारत असतानाच फोंड्याच्या काकींनी उत्तर दिलं तर पहिला शब्द गिळला जातो. तिथेच वाद पेटतो, आणि चूक काकींची नसते.

‘टीव्हीचा आवाज बारीक करा’ ही विनंतीही उगाच नव्हती. घरातल्या टीव्हीचा आवाज फोनमधून स्टुडिओत, तिथून मॉड्युलेटरमार्गे (चित्र-आवाज केबलच्या चॅनेलवर चढवणारी पेटी) केबलवर आणि पुन्हा त्याच टीव्हीत. अ‍ॅनालॉग केबलवर हा फेरा क्षणात पुरा व्हायचा, म्हणून कानठळ्या बसायच्या. सेट-टॉप बॉक्स आल्यावर चित्र-आवाज काही सेकंद मागे पडू लागला. मग शिट्टीची जागा प्रतिध्वनीने घेतली, आणि टीव्हीकडे बघत बोलणारा माणूस मागच्याच प्रश्नात अडकायला लागला. अशा वेळी बघणं सोडून फक्त फोनवरचं ऐकायचं, हाच इलाज.

रेकॉर्ड केलेल्या खेळात ही कटकट नाही. शर्ट बदलून एका दिवसात चार-पाच भाग उरकता येतात, चुकलेलं वाक्य पुन्हा घेता येतं. उत्तरासाठी मात्र नेहमीचं ५० पैशांचं पोस्टकार्ड चालत नसे. टपाल खात्याचं १० रुपयांचं स्पर्धा पोस्टकार्ड त्यासाठीच होतं.

या खेळाचे खरे धोके पुनःप्रसारणात. फोन नंबर किंवा शेवटची तारीख कॅसेटवरच छापली तर महिन्याभराने भाग पुन्हा लावला तरी पट्टी तशीच राहते. लोक फोन फिरवतात, कार्डं घालतात, पैसे वाया जातात. पट्टी नेहमी प्रक्षेपणाच्या वेळी सीजीवरून (पडद्यावर अक्षरं उमटवणारं यंत्र) टाकावी, कॅसेटवर नको. प्रश्नही शिळे होतात. ‘गोव्यात तालुके किती?’ याचं उत्तर धारबांदोडा हा नवा तालुका होण्याआधी ११ होतं, नंतर १२ झालं. जुनी कॅसेट ११ हेच बरोबर धरणार, आणि १२ म्हणणारा हरणार.

ओळखायचं कसं? निवेदिका आजचा वार, आजचा पाऊस यांचा उल्लेख करते का ते बघा. खऱ्या फोन-इनमध्ये लाइन कधी ना कधी तुटतेच. प्रत्येक फोन स्वच्छ लागतो, प्रत्येक उत्तर नेमक्या वेळेत येतं, तिथे बहुतेक कॅसेटच फिरत असते.

प्रश्नमंजूषा दोन्ही प्रकारे चालू शकते, हाउजी, म्हणजे तंबोला, मात्र थेटच हवी. तिकिटावर ३ ओळी, १५ आकडे. डब्यात १ ते ९० च्या सोंगट्या. आकडे आधी काढून ठेवले असतील तर त्यांचा क्रम कुणाला तरी ठाऊक असतो, आणि त्या क्रमाला जुळणारं तिकीट निवडून ठेवणं मुळीच अवघड नाही.