स्माइट हा शब्द अजून गेला कसा नाही?

मारणं यासाठी इंग्लिशमध्ये हिट, बीट, स्ट्राइक, स्लॅप असे ढीगभर शब्द पडलेले असताना स्माइट हा जुनाट शब्द अजून टिकून आहे, आणि हिशोबाने तो एव्हाना गेला तरी पाहिजे होता नाहीतर बदलला तरी पाहिजे होता.

हिशोब म्हणजे खरोखरचं गणित हां. 2007 मध्ये हार्वर्डच्या एरेझ लीबरमन, जाँ-बाप्तिस्त मिशेल वगैरे मंडळींचा 'नेचर'मध्ये पेपर आला. त्यांनी जुन्या इंग्लिशमधली 177 अनियमित क्रियापदं घेतली, म्हणजे ज्यांचा भूतकाळ नुसता शेवटी 'एड' लावून होत नाही अशी, आणि पुढच्या हजारेक वर्षांत त्यांचं काय झालं ते बघितलं. आज त्यातली 98 तशी उरलीत. बाकीची सरळ झाली, हेल्पचा भूतकाळ एकेकाळी होल्प होता, आता मुकाट हेल्प्ड. नियम असा निघाला की जे क्रियापद 100 पट कमी वापरात, ते 10 पट लवकर सरळ होतं. रोजचे शब्द पोरं ऐकून ऐकून उचलतात, क्वचित कानावर पडणाऱ्याला 'एड' चिकटवून मोकळी होतात.

मग स्माइट? रोजच्या बोलण्यात नसल्यात जमा, तरी स्मोट आणि स्मिटन, अगदी राइट-रोट-रिटनच्या चालीवर. मला विचाराल तर ही सगळी बायबलची कृपा. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात हा शब्द जागोजागी आहे. मोशे काठीने खडकाला दोनदा 'स्मोट' करतो आणि पाणी निघतं, आणि एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा हे जे आपण गांधीजींच्या नावावर खपवतो ते मत्तयच्या शुभवर्तमानातलं, तिथेही स्माइटच. न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या हल्लीच्या भाषांतरात त्याच जागी साधा स्लॅप आलाय, पण तोवर स्मोट लोकांच्या कानात पक्का बसलेला. त्याचा भूतकाळ कोणी स्वतः बनवतच नाही, आयता उचलतो, मग चुकणार कुठे! त्यामुळे आज स्माइट म्हणजे देवाचा कोप, गेममधला पॅलाडिन, म्हणजे देवाच्या नावाने लढणारा योद्धा, किंवा निव्वळ चेष्टा.

गंमत म्हणजे मुळात अर्थ मारणं नव्हताच. जुन्या इंग्लिशमध्ये स्मीटान म्हणजे माखणं, फासणं, विटाळणं. विचित्र वाटतं ना, पण आपण डोक्याला तेल लावतो आणि कानाखालीही लावतोच की. स्ट्राइकचीही तीच कथा, आधी नुसता हात फिरवणं, स्ट्रोक त्याचाच भाऊबंद. जर्मनमधला नातेवाईक श्मायसेन, तो फेकणं या अर्थाला गेला. स्मिथ म्हणजे लोहार हा शब्द स्माइटवरून आला असं काहीजण ठोकून देतात, तसं नाहीये, त्याचं मूळ वेगळं.

स्मिटनने मात्र 17व्या शतकापासून वेगळाच संसार थाटलाय. 'ही इज स्मिटन विथ हर' म्हणजे गडी पार घायाळ. तेच 'ही स्मोट हर' लिहिलंत तर पोलीस केस.