वंध्यत्व: मूल न राहण्याची कारणं, तपासण्या आणि उपचार

नवरा-बायको कुठलंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवतायत आणि तरीही दिवस जात नाहीत, तर डॉक्टरी भाषेत त्याला वंध्यत्व म्हणतात. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर वाट बघायची नाही, सहा महिन्यांतच दाखवायचं, आणि पाळी दोन-दोन तीन-तीन महिने येतच नसेल किंवा नवऱ्याचं लहानपणी अंडकोष खाली न उतरल्यामुळे ऑपरेशन झालं असेल तर तेवढंही थांबू नये. पहिलं मूल आपोआप झालं आणि दुसऱ्याला अडलं तरी ते वंध्यत्वच, त्याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात, फक्त "एक आहे ना, मग कशाला रडता" असं म्हणून लोक त्या जोडप्याला गप्प करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की जगात साधारण सहा जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या ऑफिसात अशी घरं आहेतच, बोलत नाहीत इतकंच.

शब्द आणि दोष

वांझ, वांझोटी हे शब्द मराठीत फक्त बाईसाठी आहेत. पुरुषाला नपुंसक म्हणतात पण ती वेगळी गोष्ट आहे, संबंध अगदी व्यवस्थित येतात आणि तरी वीर्यात एकही शुक्राणू नाही असं असू शकतं, आणि याला रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. बडोद्यातल्या मराठी माणसाला तर हे दोन भाषांतून ऐकावं लागतं. शेजारची गुजराती काकी "शुं नवाजूनी?" विचारते तेव्हा तिला बातमी कसली हवीय ते सगळ्यांना कळतं, आणि मूल नसलेल्या घराला "शेर माटीनी खोट" म्हणतात, शेरभर मातीची कमी. टोमण्याला वेगळा शब्दच आहे, वांझियामेणुं.

दांडिया बाजारातल्या एका घरात चैत्रातलं हळदीकुंकू होतं, पन्हं, कैरीची डाळ, सगळं नेहमीसारखं. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती. यजमानीण भिजवलेल्या हरभऱ्यांची ओंजळ घेऊन एकेकीची ओटी भरत आली, हिच्यासमोर अर्धा क्षण थांबली, आणि मग हरभरे ओटीत न घालता वाटीत घालून तिच्या हातात दिले. कुणी काही बोललं नाही. तोवर बहिणीच्या पाच सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्सरे आणि एकदा दुर्बिणीतून तपासणी झालेली, सगळं नॉर्मल. भाऊजींची वीर्यतपासणी त्यानंतर झाली, सातव्या वर्षी, आणि काउंट शून्य निघाला. सगळ्यात स्वस्त, न टोचता, न भूल देता होणारी तपासणी सगळ्यात शेवटी केली गेली, आणि ती आधी करा असं आधीच्या दोन डॉक्टरांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या नोंदीत पुरुष आधी घेतलाय.

ढोबळ हिशोब असा की एक तृतीयांश जोडप्यांत कारण बाईकडे, एक तृतीयांशात पुरुषाकडे, आणि उरलेल्यात दोघांकडे थोडं थोडं किंवा काहीच सापडत नाही. म्हणून पहिल्या भेटीला दोघांनी जायचं आणि दोघांच्या तपासण्या एकाच वेळी सुरू करायच्या.

पुरुषाकडची कारणं

शुक्राणू बनायला साधारण ७०-७५ दिवस लागतात, म्हणून आज घेतलेल्या औषधाचा किंवा सोडलेल्या तंबाखूचा परिणाम रिपोर्टात दिसायला तीन महिने जावे लागतात. अंडकोष शरीराबाहेर असतात कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार डिग्री थंडावा लागतो. भट्टीसमोर, बॉयलरवर, बेकरीत काम करणारे, तासन्‌तास ट्रकच्या सीटवर बसणारे, यांच्या बाबतीत डॉक्टर हे मुद्दाम विचारतात, आणि मकरपुरा, नंदेसरीसारख्या कारखान्यांच्या गावात काम काय करता हा प्रश्न केसपेपरवर असायलाच हवा. अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं म्हणजे व्हेरिकोसील, मोठेपणी झालेला गालगुंड अंडकोषात उतरणं, जुना संसर्ग, नळी बंद असणं, थायरॉइड किंवा पिट्युटरीची गडबड, गुणसूत्रातले दोष, आणि डायबेटिसमध्ये वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जाणं, ही बाकीची कारणं. मावा, गुटखा, सिगरेट, दारू यांनीही संख्या आणि हालचाल बिघडते.

एक गोष्ट तरुण पोरांनी नीट वाचावी. जिममध्ये बॉडी करायला जी टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतात त्यांनी शुक्राणू वाढत नाहीत, उलट बनणंच बंद होतं, कारण बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदू अंडकोषाला सिग्नल द्यायचं थांबवतो. बहुतेकांचं बंद केल्यावर काही महिन्यांत परत येतं, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात.

तपासणीआधी २ ते ७ दिवस संबंध नको. सॅम्पल लॅबमध्येच दिलेलं बरं, पण तिथल्या छोट्या खोलीत, बाहेर नंबर लावून माणसं बसलेली असताना, अनेकांना जमत नाही, मग घरून आणायचं तर तासाभरात पोचवायचं आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाला लावून आणायची. स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात डिकीची भट्टी झालेली असते. २०२१ च्या जागतिक निकषांप्रमाणे वीर्य किमान १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के आणि आकाराने ठीक असलेले ४ टक्के ही खालची मर्यादा धरतात. ते ४ टक्के वाचून लोक घाबरतात, म्हणजे माझे ९६ टक्के वाकडे का, पण मूल झालेल्या पुरुषांतही आकडा असाच असू शकतो. एकाच खराब रिपोर्टवरून काही ठरवत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

काउंट शून्य आला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. नळी बंद असेल तर अंडकोषात शुक्राणू बनत असतात, सुईने काढता येतात. बनतच कमी असतील तरी मायक्रोस्कोपखाली शोधून काहींच्या बाबतीत मिळतात.

बाईकडची कारणं

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोषात दहा ते वीस लाख अंडी असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, नवीन बनत नाहीत, आणि आयुष्यभरात चार-पाचशेच बाहेर पडतात. म्हणून वय सगळ्यात मोठं कारण. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही वेगाने उतरतात.

अंडं वेळेवर न फुटणं हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि त्यात पीसीओएस पहिलं. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं, सोनोग्राफीत बीजकोषावर मण्यांसारख्या छोट्या छोट्या गाठी दिसतात. त्या खऱ्या गाठी नसतात, अर्धवट वाढलेली फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात, तेव्हा "गाठी काढून टाका" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरवल्यानेही अनेकींची पाळी आपोआप रुळावर येते. थायरॉइड बिघडणं आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन वाढणं हे दुसरं, साध्या रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं आणि गोळीने आटोक्यात येतं.

मग नळ्या. आपल्या देशात नळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा टीबी हे मोठं कारण आहे आणि तो गुपचूप बसतो, खोकला नाही, ताप नाही, कधी फक्त पाळी कमी होते, कधी तेही नाही. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी टीबी बरा होतो पण एकदा चिकटलेली नळी बहुतेक उघडत नाही. जुना गर्भपात किंवा बाळंतपणानंतरचा संसर्ग, फुटलेलं अपेंडिक्स यांनीही नळ्या चिकटतात. नळीत पाणी भरलेलं असेल तर ते गर्भपिशवीत झिरपून आयव्हीएफचाही, म्हणजे टेस्टट्यूब बाळाच्या उपचाराचाही, चान्स कमी करतं, म्हणून आधी ती नळी काढतात किंवा क्लिप लावून बंद करतात.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, बीजकोषावर, आतड्यावर वाढतं. पाळीत असह्य दुखतं आणि घरी "सगळ्यांनाच दुखतं" म्हणून वर्षानुवर्षं दाबून ठेवलं जातं. गर्भपिशवीत घुसणारा फायब्रॉइड, पॉलिप, जन्मजात पडदा ही उरलेली कारणं.

तपासण्या

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातून एफएसएच, एलएच, म्हणजे अंडं वाढवणारी आणि फोडणारी हार्मोन्स. थायरॉइडसाठी टीएसएच, शिवाय प्रोलॅक्टिन आणि एएमएच. एएमएच कुठल्याही दिवशी चालतो. तो किती अंडी उरलीत याचा अंदाज देतो, दर्जाचा नाही, त्यामुळे एएमएच कमी आला म्हणजे आपोआप दिवस राहणारच नाहीत असा अर्थ लावू नये. फॉलिक्युलर स्टडीमध्ये एक दिवसाआड सोनोग्राफी करून फॉलिकल किती मोठं झालं, फुटलं का ते बघतात. अंडं चौदाव्याच दिवशी फुटतं हा गैरसमज आहे, ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी फुटतं, मग पाळी पस्तीस दिवसांची असेल तर ते एकविसाव्या दिवसाच्या आसपास. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात आणि अंडं जेमतेम एक दिवस, म्हणून अंडं फुटायच्या आधीचे दिवस जास्त कामाचे.

नळ्यांचा एक्सरे म्हणजे एचएसजी पाळी संपल्यावर, सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करतात. दुखतं, आधी गोळी घेऊन जावं, सोबत कुणी असावं. स्क्रीनवर गर्भपिशवीचा त्रिकोण पांढरा होतो, मग दोन्ही बाजूंना दोऱ्यासारखी रेघ जाते, आणि नळी मोकळी असेल तर टोकाला औषध धुरासारखं पसरतं. कधी कधी फक्त दुखण्याने नळी आवळते आणि बंद दिसते, म्हणून एका एक्सरेवरून नळ्या बंद म्हणून शिक्का मारू नये.

उपचार

अंडं फुटत नसेल तर लेट्रोझोल किंवा क्लोमिफिन. लेट्रोझोल मुळात ब्रेस्ट कॅन्सरचं औषध, भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, २०१७ मध्ये उठली, आणि मधल्या काळात, २०१४ साली, पीसीओएसमध्ये ते क्लोमिफिनपेक्षा चांगलं चालतं हे मोठ्या अभ्यासात दिसलं. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, हे प्रयत्न सुरू करतानाच चालू करायचं. त्यापुढे आययूआय, म्हणजे वीर्य धुऊन चांगले शुक्राणू अंडं फुटायच्या वेळी बारीक नळीने गर्भपिशवीत सोडतात, यासाठी निदान एक नळी मोकळी हवी.

आयव्हीएफमध्ये आठ ते बारा दिवस पोटात इंजेक्शनं, फॉलिकल तयार झाली की ट्रिगर, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन अंड्यांचा पिकअप, म्हणजे अंडी सुईने बाहेर काढणं. ट्रिगरची वेळ रात्री साडेदहा दिली असेल तर साडेदहालाच घ्यायची, कितीही उशिरा गरबा संपत असो. लॅबमध्ये गर्भ तयार होतो, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी आत सोडतात आणि दोन आठवड्यांनी रक्ताची बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का ते बघायची टेस्ट. शुक्राणू अगदी कमी असतील तर एकेक निवडून सुईने अंड्यात घालतात ते इक्सी, १९९२ पासून आलेलं तंत्र. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी बीजकोष जास्त सुजून पोटात पाणी होण्याचा धोका असतो, पोट फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला तर लगेच दवाखाना. खर्च एका सायकलला दीड-दोन लाख सहज जातो आणि बहुतेक मेडिक्लेममध्ये बसत नाही, त्यामुळे "शंभर टक्के गॅरंटी" अशी जाहिरात दिसली तर तिथून परत फिरावं, अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, आणि चाळिशीनंतर स्वतःच्या अंड्यांनी यश बरंच कमी मिळतं.

पहिलं टेस्टट्यूब बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला, आणि सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तेच करून दाखवलं. सरकारी समितीने त्यांचं म्हणणं फेटाळलं, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, मान नंतर मिळाला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा, बरीच वर्षं भारतातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ मानली गेलेली मुलगी, ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मली.

कायदा आणि दत्तक

बडोद्याजवळच्या आणंदला २००४ साली एका आजीने इंग्लंडला राहणाऱ्या स्वतःच्या मुलीसाठी जुळी मुलं आपल्या पोटात वाढवली आणि ते गाव सरोगसीसाठी, म्हणजे दुसऱ्यासाठी गर्भ वाढवण्यासाठी, जगभर माहीत झालं. आता २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद आहे. सरोगेट २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी आणि आयुष्यात एकदाच. अंडं देणारी बाई २३ ते ३५ ची, तीही एकदाच. गर्भाचं लिंग निवडणं भारतात सगळीकडे गुन्हा, आयव्हीएफमध्येही.

दत्तक हा उपचार नाही, आणि उपचार थकले म्हणून घाईत घ्यायचा निर्णयही नाही. पण बडोद्याला दत्तक परकं नाही. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ ला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, तोच पुढे सयाजीराव महाराज झाला, आणि आजही गावात अर्ध्या गोष्टींना त्याचंच नाव आहे. आज अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल घ्यायचं तर केंद्र सरकारच्या कारा या संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं, लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, दोन वर्षांखालचं मूल हवं तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत हवी, घरी येऊन चौकशी होते आणि नंबर लागायला काही वर्षं जातात, म्हणून उपचार चालू असतानाच नोंदणी केली तरी चालते. कुठल्या नर्सिंग होममधून परस्पर मूल मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये, तो गुन्हा आहे आणि ते मूल कधीही परत जाऊ शकतं.