सीए व्हायला कॉमर्सच लागतं?

दहावीचा निकाल लागला की सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचा दर बाजूला राहतो आणि ‘पोराला कॉमर्सला घाला, नाहीतर सीएचं दार बंद’ हा सल्ला फुकट मिळतो. परवा एका अडत दुकानात हेच ऐकलं. मुलगा बारावी सायन्स झालेला, बाप हिरमुसलेला.

अहो, दार बंद नाहीच. बारावी कुठल्याही शाखेची चालते. फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, चार पेपर: अकाउंटिंग, कायदा, अर्थशास्त्र आणि गणित-तर्क-संख्याशास्त्र असा एक. प्रत्येकात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के हवेत. गणिताच्या पेपरला कॉमर्सची कितीतरी पोरं अडखळतात, तिथं सायन्सवाल्याला उलट सोपं जातं. जर्नल एंट्री, म्हणजे हिशेबाच्या वहीतली नोंद, मात्र त्याला शून्यापासून शिकावी लागेल, हे खरं.

पदवीनंतरही वाट आहे. बीए, बीएस्सीवाल्यांना 60 टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएट, म्हणजे सीएची दुसरी परीक्षा; कॉमर्स पदवीला 55 पुरतात. कॉमर्सची सवलत म्हणाल, तर ती एवढीच.

त्या बापानं हे चिठ्ठीवर लिहून घेतलं, हळदीच्या वजनाच्याच चिठ्ठीमागे.