मास्किंग (स्प्रेडशीटमधील व्यक्तिगत माहितीचे)

आधार, पॅन, मोबाइल, बँक खाते अशी माहिती असलेली शीट दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी त्यातला ओळख पटवणारा भाग फुल्यांनी किंवा भलत्याच मजकुराने बदलण्याची रीत. 'झाकणे' हा शब्द इथे फसवा आहे. झाकलेले उघडता येते. मास्क केलेले त्या फायलीतून परत मिळता कामा नये.

मुंबईत हे काम बँकांच्या मुख्यालयांत चालते तसेच गृहनिर्माण सोसायटीच्या कचेरीतही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि त्याखालील नियमांनुसार सोसायटीला सभासदांची नोंदवही ('आय' नमुना) आणि यादी ('जे' नमुना) ठेवावी लागते. ती एक्सेलमध्ये उतरली की तिला भाडेकरू, गाडीचा नंबर, आधार असे कॉलम चिकटत जातात. मग सभेआधी मेन्टेनन्सच्या थकबाकीची यादी ग्रुपवर पडते, आधारचा कॉलम 'हाइड' करून. कॉलमच्या अक्षरांच्या वरच्या पट्टीत 'ई'नंतर एकदम 'जी' दिसला की जाणकार समजतो. हे दोन्ही कॉलम निवडून 'अनहाइड' म्हटले की इमारतीचे सगळे आधार क्रमांक समोर!

पांढरा फॉन्ट किंवा तीन अर्धविरामांचा फॉरमॅट यांचीही तीच गत. सेलवर क्लिक केले की आकडा फॉर्म्युला बारमध्ये उभा. पिव्होट टेबल, म्हणजे डेटाचा सारांश मांडणारा तक्ता, सर्वांत दगाबाज. मूळ शीट उडवली तरी डेटाची प्रत साधारणपणे त्याच्या पोटात राहते आणि एकूण बेरजेवर डबल-क्लिक केल्यास नव्या शीटवर उतरते.

खरे मास्किंग प्रतीवर करतात. शेजारच्या कॉलममध्ये 'राइट' फंक्शनने शेवटचे चार अंक घेऊन त्यांच्याआधी आठ फुल्या जोडायच्या (आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या 'मास्क्ड आधार'मध्येही १२पैकी शेवटचे ४ अंकच दिसतात), निकाल 'पेस्ट स्पेशल'मधून 'व्हॅल्यूज' म्हणून चिकटवायचा आणि मूळ कॉलम डिलीट करायचा. मधली पायरी गाळली की फॉर्म्युल्यांची नुसती एरर उरते. गूगल शीट्समध्ये त्याच फायलीत बदल केला, तर संपादनाचा हक्क असलेल्याला जुनी आवृत्ती इतिहासात सापडते. तिथे नवी फाइलच हवी. लांब क्रमांक आधीपासून 'टेक्स्ट' असावेत. एक्सेल १५ अंकच जपते, त्यामुळे १६ अंकी कार्ड क्रमांक सरळ टाइप केला की शेवटच्या अंकाचे शून्य होते. याला मास्किंग म्हणत नाहीत, नासाडी म्हणतात.

किती लपवायचे, हा खरा वादाचा भाग. मोबाइलचे मधले चार अंक खोडले तर उरतात फक्त १०,००० शक्यता. संगणकाला हे किरकोळ काम. व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते, म्हणजे तेवढेच उघडे ठेवले तरी काही सांगून जाते. शिवाय नाव गाळले म्हणून माणूस लपत नाही. अमेरिकी संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवले की पोस्टाचा झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे. गिरगावातल्या एखाद्या वाडीच्या यादीत तर 'दुसरा माळा, वय ८४' एवढे पुरते. अशा ठिकाणी वयाऐवजी वयोगट आणि खोलीऐवजी नुसती चाळ लिहितात.

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये.