संचालक मंडळाचे वार्षिक मूल्यमापन: कोणाला लागू, कागद कोणते

कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे आम्हाला लागतं का? कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर लागतं. लिस्टेड नसली, तरी पब्लिक लिमिटेड असून मागच्या आर्थिक वर्षअखेर भरणा झालेले भागभांडवल 25 कोटी रुपये किंवा जास्त असेल तरीही लागतं. प्रायव्हेट लिमिटेडला नाही. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ सहकार कायद्याखाली येतात, त्यांचाही इथे संबंध नाही.

यासाठी वेगळा अर्ज नाही. मूल्यमापन कोणत्या पद्धतीने केले, हे संचालक मंडळाच्या अहवालात लिहायचे (कंपनी कायदा 2013, कलम 134). तो अहवाल ताळेबंदाबरोबर एओसी-4 (कंपनी निबंधकांकडे ताळेबंद भरण्याचा फॉर्म) याला जोडून वार्षिक सभेनंतर 30 दिवसांत ऑनलाइन भरायचा.

निकष नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी (संचालकांच्या नेमणुका आणि मानधन पाहणारी मंडळाची समिती) ठरवते. मूल्यमापन संचालक मंडळ, ही कमिटी किंवा बाहेरची स्वतंत्र संस्था, यांपैकी कोणीही करू शकते.

खरी कसोटी स्वतंत्र संचालकांच्या, म्हणजे मालक घराण्याशी आणि व्यवस्थापनाशी संबंध नसलेल्या संचालकांच्या, बैठकीत लागते. आर्थिक वर्षात किमान एकदा त्यांनी एकटे बसून अध्यक्षांचे, बाकीच्या संचालकांचे आणि एकूण मंडळाचे काम तपासायचे असते. आपल्याकडे वडील अध्यक्ष, मुलगा एमडी, पुतण्या संचालक अशी घरची मांडणी असते. त्या खोलीत यांपैकी कोणीही नको, सीएफओ (वित्तप्रमुख) ही नको. मालक समोर असताना "अजेंडा आदल्या रात्री मिळतो" असं कोण म्हणणार? स्वतंत्र संचालकाचे मूल्यमापन उरलेले सगळे मंडळ करते, तो स्वतः बाजूला राहतो. त्याची फेरनेमणूक त्यावरच ठरते.

फाइलला ठेवा: निकषांचा कमिटीचा ठराव, त्या निकषांवर संचालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या, त्या स्वतंत्र बैठकीचे इतिवृत्त, मंडळाच्या चर्चेचे इतिवृत्त.

ब्रिटनची कंपनी-कारभार संहिता मोठ्या लिस्टेड कंपन्यांना दर 3 वर्षांनी बाहेरचा परीक्षक सुचवते. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज मंडळाकडून दरवर्षी स्वमूल्यमापन मागते. जपानच्या संहितेत निष्कर्षांचा सारांश जाहीर करणे अपेक्षित आहे. आपला कंपनी कायदा फक्त पद्धत विचारतो, म्हणून कित्येक अहवालांत गेल्या वर्षीचाच परिच्छेद तारीख बदलून येतो. हे भागधारकांवर अन्याय करणारे आहे. काय उणे निघाले आणि काय बदलले, याच्या दोन ओळी लिहायला कायदा अडवत नाही. जरूर लिहा.

स्वतंत्र संचालकांची बैठक 31 मार्चच्या आत व्हायला हवी. त्यामुळे प्रश्नावल्या फेब्रुवारीतच हातात द्या.